टर्बो बटणाने जळत नाही

‘इको मोडवर चालवा, टर्बो जन्मभर टिकेल. स्पोर्टवर टाकलीत की दोन वर्षांत खोलावा लागेल.’ हे वाक्य आता शोरूमपासून गॅरेजच्या बाकड्यापर्यंत सगळीकडे ऐकू येतं, आणि मोबाइलवरच्या व्हिडिओंनी तर त्याला शास्त्राचा दर्जा दिला आहे. सांगणारे चांगल्या हेतूने सांगतात. ऐकणारे भक्तिभावाने बटण दाबतात आणि हिरवं पान उमटलं की निश्चिंत होतात. माझं म्हणणं सरळ आहे: हा सल्ला बहुतांशी चुकीचा आहे, आणि अकोले तालुक्यातल्या राजूरसारख्या डोंगराळ भागात तर तो उलटा पडणारा आहे. भरलेली गाडी घाटात इको मोडवर, वरच्या गिअरमध्ये, रेटत नेणारा माणूस आपलं इंजिन वाचवत नसतो. तो ते जास्त झिजवत असतो.

राजूरच का, तर या वादाचा निकाल सपाट रस्त्यावर लागत नाही. कोल्हार–घोटी रस्त्याने अकोल्याकडून येताना विठे घाट लागतो, पुढे घोटीकडे जाताना बारीचा घाट. या बाजूला भंडारदरा, रतनवाडी, घाटघर. त्या बाजूला हरिश्चंद्रगडाचा डोंगर. राजूर ही या सगळ्या आदिवासी पट्ट्याची बाजारपेठ. इथे दोन तऱ्हेच्या गाड्या चालतात. एक, इथल्याच: काळीपिवळ्या जीपा, बोलेरो, भाताची पोती नाहीतर जनावरं भरलेले पिकअप. यातल्या बहुतेकांना मोडचं बटणच नसतं. दुसऱ्या, शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याहून येणाऱ्या, डॅशबोर्डावर इको, सिटी, स्पोर्ट असं लिहिलेल्या. पावसाळ्याच्या तोंडावर काजवे बघायला याच गाड्यांची रांग भंडारदऱ्याजवळच्या शेंडीपर्यंत लागते. गंमत अशी की ज्यांना बटण नाही ते जीपवाले घाटात काय करायचं ते बरोबर ओळखतात, आणि ज्यांच्यापाशी बटण आहे ते बटणाकडे बघत बसतात.

आधी टर्बो म्हणजे काय ते नीट पाहू, कारण निम्मा गोंधळ तिथेच आहे. स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखी या अभियंत्याने १९०५ साली या कल्पनेचं पेटंट घेतलं. सायलेन्सरकडे वाया जाणाऱ्या गरम धुराच्या झोताने एक चाक फिरवायचं, त्याच दांड्यावर दुसरं चाक बसवायचं, आणि त्या दुसऱ्या चाकाने इंजिनात जास्तीची हवा कोंबायची. हवा जास्त म्हणजे तेवढ्याच आकाराच्या सिलिंडरमध्ये जास्त डिझेल नीट जळतं. या यंत्राला चालू-बंद करायचं बटण नाही. इंजिन सुरू आहे तोवर धूर आहे, आणि धूर आहे तोवर टर्बो फिरतोच. इको मोडवर तो ‘झोपतो’ आणि स्पोर्टवर ‘जागा होतो’ ही समजूत म्हणूनच पोकळ आहे. तो किती वेगाने फिरेल हे ठरतं इंजिनातून किती धूर, किती गरम आणि किती दाबाने बाहेर पडतोय यावर. म्हणजे शेवटी, इंजिनाकडून तुम्ही किती काम मागताय यावर.

मग मोड काय करतो? मुख्यतः तो तुमच्या पायाच्या मागणीचा अर्थ बदलतो. आजच्या गाडीत एक्सलेटरचं पेडल इंजिनाला तारेने जोडलेलं नसतं. पेडल किती दाबलं हे संगणकाला कळतं आणि किती जोर द्यायचा ते संगणक ठरवतो. समजा इको मोडमध्ये अर्धं पेडल दाबलं तर तो त्याचा अर्थ ‘हळूहळू थोडं दे’ असा घेतो. स्पोर्टमध्ये तेवढ्याच पेडलाला ‘लगेच बरंच दे’ असा घेतो. ऑटोमॅटिक गाडी असेल तर इकोमध्ये वरचा गिअर लवकर पडतो, स्पोर्टमध्ये खालचा गिअर जास्त वेळ धरून ठेवला जातो. एसीचा जोर, स्टिअरिंगचा जडपणा असल्या गोष्टीही बदलतात. काही गाड्यांत इकोमध्ये कमाल ताकदीलाच कात्री लागते. पण बूस्टचा, म्हणजे टर्बो कोंबतो त्या हवेचा, कमाल दाब, धुराच्या तापमानाची मर्यादा, फेऱ्यांची मर्यादा, ही जी इंजिन वाचवणारी कुंपणं आहेत ती स्पोर्टमध्येही उभीच असतात. कंपनी स्पोर्ट मोड देते तेव्हा तिने आपल्याच मालाचा बळी द्यायचं बटण दिलेलं नसतं. स्पोर्टवर चालवली म्हणून वॉरंटीची मुदतही कमी होत नाही.

आता घाटात या. एक ढोबळ गणित मांडतो, कागद-पेन्सिल घेऊन कुणीही तपासावं. माणसं आणि सामान धरून २,२०० किलोची गाडी, बारा फुटांना एक फूट असा चढ, वेग ताशी ३० किलोमीटर. गाडी वर उचलायला आणि टायरचं घर्षण मोडायला, गिअरबॉक्समधली गळती धरून, साधारण २६ हॉर्सपॉवर लागतात. हा आकडा इकोमध्येही २६ आणि स्पोर्टमध्येही २६. डोंगराला तुमचं बटण दिसत नाही. प्रश्न एवढाच उरतो की हे २६ हॉर्सपॉवर इंजिनाने कसे काढायचे. दुसऱ्या गिअरमध्ये मिनिटाला २,००० फेरे ठेवले तर इंजिनाला सुमारे ९५ न्यूटन-मीटरचा पीळ पुरतो. तिसऱ्यात टाकून फेरे १,२५० वर आणले तर तेच काम करायला १५० न्यूटन-मीटर लागतात. फेरे कमी झाले, पण प्रत्येक फेऱ्याचा भार दीडपटीहून जास्त वाढला.

बोलेरोचं दीड लिटरचं इंजिन घ्या. कंपनी त्याला ७५ हॉर्सपॉवर आणि २१० न्यूटन-मीटर सांगते, आणि हे २१० मिळतात १,६०० ते २,२०० फेऱ्यांच्या दरम्यान. त्याच्या खाली टर्बो पुरता भरलेलाच नसतो. म्हणजे १,२५० फेऱ्यांवर तुम्ही इंजिनाकडे जवळजवळ त्याच्याजवळ असेल नसेल तेवढं सगळं मागताय, तेही हवा कमी असताना. पेडल तळापर्यंत जातं, गाडी उचलत नाही, बोनेटखालून जड घरघर येते. संगणक बूस्ट वाढवायची धडपड करतो. धुराच्या वाटेवरची पाती मिटवणारा टर्बो असेल तर तो ती मिटवून धूर चेपतो, सिलिंडरमागचा दाब वाढतो, डिझेलच्या मानाने हवा अपुरी असल्याने काजळी वाढते आणि धूर तापतो. टर्बोला या अवस्थेत आराम मिळतो असं ज्यांना वाटतं त्यांनी टर्बो आणि फेऱ्यांचा काटा यांत गल्लत केली आहे.

डांगी बैलांची पारख असलेल्या या मुलखात हे पटवायला जड जाऊ नये. चढणीवर कासरा ढिला सोडला म्हणून गाडीतलं ओझं हलकं होत नाही. बैल फक्त नको तिथे अडकतो.

झिजेचं खरं ठिकाण बेअरिंग. क्रँकशाफ्ट धातूच्या बेअरिंगवर थेट टेकलेला नसतो, ऑइलच्या पातळ थरावर तरंगत असतो. हा थर दांड्याच्या फिरण्यातूनच तयार होतो. जर्मनीच्या रिशार्ट श्ट्रिबेकने १९०२ च्या सुमारास प्रयोगांनी दाखवून दिलं की वेग आणि ऑइलचा दाटपणा वाढला की हा थर सावरतो, आणि भार वाढला की तो पातळ होतो. घाटात वरच्या गिअरमध्ये रेटणं म्हणजे वेग कमी आणि भार जास्त. थराला मारक असलेल्या दोन्ही गोष्टी एकाच वेळी. आता टर्बोचा दांडा पाहा. इंजिन मिनिटाला चार हजार फेरे घेतं तेव्हा आपल्याला ते ओरडतंय असं वाटतं. टर्बोचा दांडा लाखाच्या पुढे जातो, लहान गाड्यांत दोन लाखांपर्यंत आणि त्याहूनही वर. त्याच्या एका टोकाला शेकडो अंशांचा धूर, दुसऱ्या टोकाला बाहेरची हवा, आणि मधे आधाराला ऑइल. बहुतेक गाड्यांत तिथे गोळ्यांचं बेअरिंगसुद्धा नसतं. हा दांडा वेगाने फिरण्यासाठीच घडवलेला आहे. त्याला वेगाने सहसा मरण येत नाही, ऑइलने येतं. याकडे पुढे वळतो.

पेट्रोल गाड्यांबद्दल तर इको-भक्तांचं म्हणणं आणखी लंगडं आहे. लहान टर्बो पेट्रोल इंजिनं जगभर आली तेव्हा उत्पादकांना एका विचित्र रोगाने हैराण केलं. कमी फेरे, जास्त भार अशा स्थितीत ठिणगी पडायच्या आधीच सिलिंडरमधलं मिश्रण पेटायचं, आणि दाबाचा असा हातोडा बसायचा की पिस्टनला तडा जायचा, रिंगा फुटायच्या. हे रेसिंगच्या ट्रॅकवर होत नव्हतं. हळू चाललेल्या गाडीला वरच्या गिअरमध्ये एकदम रेस दिली की व्हायचं. त्यासाठी इंजिन ऑइलच्या रासायनिक घटकांत बदल करावे लागले, आणि अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटने २०१८ साली ‘एसएन प्लस’ हा नवा दर्जा आणला तो मुख्यतः याच रोगासाठी. टर्बो पेट्रोल इंजिनाच्या ज्या दुखण्यासाठी जगाला ऑइल बदलावं लागलं ते दुखणं स्पोर्ट मोडच्या प्रदेशातलं नाही, कमी फेऱ्यांवर रेटण्याच्या प्रदेशातलं आहे. हे सांगणारा व्हिडिओ मात्र सहसा नजरेला पडत नाही. ‘इंजिन वाचवा, इकोवर जा’ हे सांगायला सोपं.

डिझेलवाल्यांनी निर्धास्त होऊ नये. १ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ लागू झालं आणि डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरच्या वाटेवर काजळी अडवणारा फिल्टर, म्हणजे डीपीएफ, आला. हा फिल्टर भरला की गाडी तो स्वतः जाळून साफ करते, त्यासाठी धूर सहाशेच्या आसपास अंशांपर्यंत तापवावा लागतो. हे तापमान आणायला बऱ्याच गाड्या सिलिंडरमध्ये उशिरा जास्तीचं डिझेल सोडतात. राजूर ते शेंडी असल्या छोट्या फेऱ्या, त्याही इको मोडवर, फेरे मुद्दाम खाली ठेवून, धूर कधी नीट तापूच न देता मारल्या की फिल्टर पुन्हा पुन्हा भरतो. सफाई सुरू होते, आणि ती अर्धी असतानाच आपण चावी बंद करतो. न जळलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर ऑइल कमी व्हायच्या ऐवजी वाढलेलं दिसतं. काही जण त्यावर खूश होतात, ‘गाडी ऑइल पीतच नाही’. ते ऑइल नसतं, पातळ झालेलं पाणचट मिश्रण असतं, आणि टर्बोचा लाख फेऱ्यांचा दांडा त्याच्याच भरवशावर फिरत असतो. टर्बो वाचवायला घेतलेल्या इको मोडने टर्बोचं ऑइलच बिघडवलं, हा उफराटा प्रकार या रस्त्यांवर सहज घडू शकतो.

समोरच्या बाजूचं जे खरं आहे ते नाकारत नाही. स्पोर्ट मोडमध्ये सपाट रस्त्यावर, रिकाम्या गाडीत, विनाकारण तीन हजार फेरे धरून ठेवले तर दर किलोमीटरला इंजिनाचे फेरे वाढतात, घर्षण वाढतं, डिझेल जास्त जातं. काही पेट्रोल गाड्या स्पोर्टमध्ये टर्बो आधीच फिरता ठेवतात, म्हणजे पाय दाबला की लगेच जोर मिळावा. थंड इंजिन सुरू करून पहिल्याच मिनिटाला स्पोर्टवर हुंदडणं वाईटच, ऑइल अजून वर चढलेलं नसतं आणि दाट असतं. आणि स्पोर्ट बटण काही लोकांच्या पायात भूत घालतं हेही खरं: दर वळणाला पूर्ण रेस, दर वळणाला ब्रेक. त्या गाडीचा टर्बो खरोखर जास्त काम करतो. पण दोष तिथेही पायाचा आहे. तोच पाय इको मोडमध्ये पेडल तळाला नेतो तेव्हा बहुतेक ऑटोमॅटिक गाड्या गिअर खाली पाडून सगळी ताकद देऊन मोकळ्या होतात. हिरवं पान उमटलेलंच राहतं.

मायलेज वाढतं ना इकोमध्ये? वाढतं, शहरात, सिग्नलला, मंद वाहतुकीत. ते मायलेजचं बटण आहे. त्याला इंजिनाच्या आयुष्याचं बटण म्हणणं हीच फसगत आहे.

ट्रकवाल्यांना हे कंपन्यांनी केव्हाच नीट सांगितलं. महिंद्राने २०१६ साली ब्लाझो ट्रक आणला त्यात टर्बो, हेवी आणि लाइट असे तीन मोड दिले. नावंच बघा: रिकाम्या गाडीला लाइट, भरलेल्या गाडीला चढावर टर्बो. चालकाचा स्वभाव त्यात कुठे नाही, ओझं आणि रस्ता आहे. हीच कंपनी कुटुंबासाठी एक्सयूव्ही७०० घेऊन आली तेव्हा तिने त्याच कल्पनेला झिप, झॅप, झूम असली नावं ठेवली, आणि गिऱ्हाइकाला वाटलं हा मूडचा प्रश्न आहे. निम्मा गैरसमज या जाहिरातखात्यांनीच पेरलेला आहे. स्पोर्ट या नावाऐवजी ‘घाट’ असं लिहिलं असतं तर निदान सह्याद्रीतल्या लोकांनी ते योग्य जागी दाबलं असतं.

मग टर्बो मरतात कशाने? उघडलेल्या टर्बोत तज्ज्ञ पहिल्यांदा बघतात ते ऑइल: पोचलं होतं का, स्वच्छ होतं का, योग्य प्रतीचं होतं का. डीपीएफवाल्या गाडीत कमी राखेचं ऑइल लागतं. दुकानातलं सुटं, डब्यावर काही न लिहिलेलं ऑइल टाकून शे-दोनशे रुपये वाचतात आणि टर्बोचा कोअर काही हजारांना बसतो. दुसरी गोष्ट हवा. उन्हाळ्यात या भागातल्या कच्च्या रस्त्यांचा फुफाटा एअर फिल्टरवर बसतो. फिल्टर चोंदला, किंवा इंटरकूलरकडे जाणारा होज फाटला, की ठरलेला दाब गाठायला टर्बोला जास्त फिरावं लागतं, बटण कुठलंही असो. भंडारदऱ्याच्या उंचीवर हवा समुद्रसपाटीपेक्षा आठेक टक्क्यांनी विरळ असते, त्याचीही भरपाई टर्बोच करतो. ती त्याला झेपते, फाटका होज झेपत नाही. घाटघरला अहिल्यानगर जिल्ह्याची चेरापुंजी म्हणतात; तिथल्या पावसात फिल्टरच्या डब्यात पाणी शिरलं तर काय होतं हे इथल्या मेकॅनिकांना वेगळं सांगायला नको.

तिसरी गोष्ट थांबण्याची, आणि ही पर्यटकांची खास. घोटीकडून बारीचा घाट दमदार चढून यायचं, कळसूबाईच्या पायथ्याला जागा दिसली की गाडी लावायची, लगेच चावी बंद, पाठीवर बॅग. टर्बोचं धुराकडचं चाक तेव्हा लालबुंद व्हायच्या बेतात असतं. इंजिन थांबलं की ऑइलचा पंपही थांबतो, आणि बेअरिंगमध्ये अडकलेलं ऑइल त्या उष्णतेने करपून कडक होतं. पाण्याने थंड होणाऱ्या टर्बोंना हा धोका कमी, पण निव्वळ ऑइलवर असलेल्या डिझेल टर्बोंना बराच. घाट चढून आल्यावर मिनिटभर गाडी जागेवर चालू ठेवली की प्रश्न मिटतो. हे मिनिट ज्यांना परवडत नाही त्यांनी मोडच्या चर्चेत भाग घेऊ नये.

उताराचीही एक खोड जाता जाता सांगतो. डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रल करून घाट उतरवणारे आजही आहेत. गाडी गिअरमध्ये असताना, पाय काढलेला असताना, आजचं इंजिन डिझेल पूर्ण बंद करतं. न्यूट्रलमध्ये मात्र ते चालू राहायला डिझेल पीतं. वर ब्रेक तापतात. वाचत काही नाही, जीव तेवढा टांगणीला.

राहता राहिली गोष्ट प्रत्यक्ष चालवण्याची. चढ लागला आणि गाडी भरलेली असेल तर गिअर खाली घ्या, काटा दीड हजाराच्या खाली जाऊ देऊ नका. ऑटोमॅटिक इकोमध्ये गिअरची चुळबूळ करत असेल तर बेधडक स्पोर्ट लावा किंवा हाताने गिअर धरा. पठारावर आलात की परत इको. इथले जुने जीपवाले चढाच्या आधीच दुसरा टाकतात, इंजिन कण्हायची वाट बघत नाहीत. बटणवाल्यांनी त्यांच्याकडून शिकावं.

आणि ज्यांना यापुढेही स्पोर्ट मोडने टर्बो जळाल्याचं छातीठोक सांगायचं आहे, त्यांनी आधी तीन वस्तू समोर ठेवाव्यात: त्या टर्बोचं उघडलेलं बेअरिंग, शेवटच्या ऑइलचं बिल आणि एअर फिल्टर. मोडचं नाव त्यानंतर विचारू.